दुसऱ्या फोनवर चालू आहे

आमच्या कारखान्यात चहाच्या वेळेला एक गाणं लागतं. एकच. ज्याचा नंबर असेल त्याने ते आपल्या फोनवरून लावायचं आणि सध्या आपण हेच का ऐकतोय ते सगळ्यांना सांगायचं. कारण सांगितल्याशिवाय गाणं नाही. हा नियम मी केलाय, त्यामुळे तो मोडायची कुणाची छाती होत नाही.

आम्ही पडदे शिवतो. हॉटेलांचे, दवाखान्यांचे, मोठमोठ्या सभागृहांचे. लांबलचक खोली, दोन्ही भिंतींना लागून मशीनं, मधोमध कापायचं टेबल आणि वरच्या फळीवर एक स्पीकर. पूर्वी तो दिवसभर वाजायचा आणि त्याच्यावरून आम्ही दिवसभर भांडायचो. एकीला जुनी गाणी हवीत, दुसरीला नवी, इस्त्रीवाल्याला तर नुसता दणदणाट लागतो. एकदा भांडण इतकं पेटलं की मालक आतून आले, काही न बोलता स्पीकर उचलला आणि आपल्या कपाटात ठेवून कुलूप घातलं. मग मी जाऊन त्यांचं डोकं खाल्लं आणि तो या अटीवर परत आणला. दिवसाला एक गाणं, ओळीने प्रत्येकाचा नंबर, आणि कारण सांगायचं. कुणी नुसतं दुसऱ्याला छळायला काही लावू नये, एवढाच त्यात माझा हेतू होता.

पण माणसं कारणं सांगायला लागली आणि आम्हाला एकमेकांची घरं कळायला लागली. पडद्यांना कड्या लावणारी म्हणाली, नवरा इतका घोरतो की हे गाणं कानात घातल्याशिवाय मला झोपच लागत नाही. इस्त्रीवाल्याची बायको रुसून माहेरी गेली तेव्हा त्याचा दणदणाट थांबला आणि रडकी गाणी सुरू झाली. ती परत आल्याचंही त्याने सांगायच्या आधी आम्हाला गाण्यावरूनच कळलं. ओव्हरलॉकच्या मशीनवर बसणारी मुलगी प्रेमात पडलीय हे तिच्या घरच्यांना अजून माहीत नाही, आम्हाला केव्हाचं माहीत आहे.

कारण सांगायचे नाहीत ते फक्त मास्तर.

मास्तर म्हणजे आमचे कापणारे. उंच, सडसडीत माणूस, गळ्यात टेप, आणि शर्टाचा खिसा खडूने कायमचा पांढरा झालेला. कात्री चालवायच्या आधी कापडावरून एकदा सावकाश तळहात फिरवायचे, झोपलेल्या पोराला थोपटावं तसा. मालक घाईवर आले की आम्ही सगळ्या धावायचो. मास्तर मात्र तेवढ्याच सावकाश हात फिरवायचे, मालक शेजारी उभे राहून पाय आपटत असले तरी. बोलणं अगदी मोजकं. काहीही विचारा, उत्तर एकच, "हं." त्यातला कुठला होकाराचा आणि कुठला नकाराचा, हे फक्त त्यांच्या बायकोला कळायचं. आम्ही तिलाच विचारायचो.

बायको आमच्यातच होती. तुरपाईला, म्हणजे जे काम मशीनने होत नाही ते हाताने करायला. तिला आम्ही मास्तरीण म्हणायचो. माझ्या शेजारीच बसायची. नवरा जितका मुका तितकी ही बडबडी. दिवसभर सुई चालायची आणि दिवसभर तोंड. "अहो, तो काप वाकडा आलाय," असं टेबलाकडे बघून मधेच ओरडायची. काप कधीही वाकडा नसायचा. तरी मास्तर निमूटपणे टेप काढून परत मोजायचे, आणि ही माझ्याकडे बघून डोळे मिचकावायची. इतक्या वर्षांत त्यांनी एकदाही 'वाकडा नाही' असं म्हटलं नाही. मला त्या माणसाची कीव यायची आणि थोडा हेवाही वाटायचा, की असं कुणी आपल्या घरी का नाही.

त्यांची एकच मुलगी. लहानपणी शाळा सुटली की सरळ कारखान्यात यायची आणि कापायच्या टेबलाखाली बसून चिंध्यांचे बाहुलीचे पडदे करायची. मला मावशी म्हणते. हुशार निघाली. पुढे शिकायला दुसऱ्या शहरात गेली तेव्हा जाताना बापाच्या फोनवर तिने आपलंच गाण्यांचं खातं सुरू करून दिलं. म्हणाली, आईला ऐकवा, तिला करमणार नाही. मास्तर म्हणाले, "हं."

ती शेवटच्या परीक्षेला बसायची होती त्या वर्षी मास्तरणीचं दुखणं निघालं. निघालं तेच पार पुढे गेलेलं. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. ती तशीच उठून कारखान्यात आली, माझ्या शेजारी बसली आणि सुईत दोरा ओवता ओवता मला सगळं सांगितलं. वर म्हणाली, पोरीला यातलं अक्षर कळता कामा नये. पेपर होऊ देत, मग मीच सांगेन. तिने मला शपथ घातली. त्या आधी घरी नवऱ्याला घातली होती. मास्तरांनी त्या दिवशी पहिल्यांदा तिच्याशी वाद घातला, असं तीच मला म्हणाली. म्हणे, "हे मेले म्हणतात, बोलवून घेऊ, आजच्या आज. मी म्हटलं, बोलवाल तर तुमच्या हातचं पाणी घेणार नाही." हे सांगताना ती हसत होती. जिंकली होती ना.

फोनवर ती मुलीशी रोज बोलायची. खोकला आला की फोन मास्तरांच्या हातात द्यायची आणि मास्तर, ज्यांना धड दोन वाक्यं बोलता येत नाहीत, ते बिचारे हवापाण्याचं काहीतरी बोलत राहायचे, तिचा खोकला संपेपर्यंत.

पेपर संपायच्या आत ती गेली. इतक्या लवकर जाईल असं डॉक्टरांनाही वाटलं नव्हतं. हटवादी बाई. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण मी बोलणार. मैत्रीण होती माझी, मला तेवढा हक्क आहे. आजही मला तिचा राग येतो, आणि राग आला की लगेच रडू येतं.

मुलगी आली ती सगळं आवरल्यावरच. मी त्यांच्या स्वयंपाकघरात भांडी घासत होते, त्यामुळे ऐकलं. तिने बापाला विचारलं, तुम्हाला कधीपासून माहीत होतं. ते म्हणाले, पहिल्यापासून. मग तिने विचारलं, मावशीला? कारखान्यात? शेजाऱ्यांना? ते प्रत्येकाला हो म्हणत गेले. "म्हणजे मला सोडून सगळ्या जगाला," ती म्हणाली. मी हात पुसत बाहेर आले, सांगून टाकणारच होते. पण मास्तरांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी परत भांड्यांकडे वळले. का नाही सांगितलंत, असं ती विचारत राहिली आणि ते मूग गिळून बसले. थोडे दिवस राहून ती गेली. तिकडेच नोकरी धरली. नंतर घरी आली नाही आणि बापाचा फोन उचलला नाही. हळूहळू मास्तरांनी फोन करणं सोडलं.

आता गाण्यांचं. त्यानंतर मास्तरांचा नंबर आला की स्पीकरवर काय वाजेल याचा नेम नसायचा. कधी कुठल्या तरी परक्या भाषेतली बाई किंचाळत असायची, कधी नुसती धडधड, तर कधी एखादा पोरगा खालच्या आवाजात काहीतरी पुटपुटत राहायचा, त्याचं नाक चोंदलंय की काय असं वाटावं. आणि मास्तर खडूचा हात मांडीवर ठेवून, मान खाली घालून ऐकत बसायचे. आम्ही हसून हसून बेजार. इस्त्रीवाला म्हणायचा, मास्तर या वयात बिघडले. कारण न सांगायची मी त्यांना सूट दिली होती. बायको गेलेल्या माणसाला काय नियम लावायचे.

एरवीही, चहा झाला की ते टेबलाच्या खिडकीकडच्या टोकाला जायचे आणि कानात इअरफोनचं एक बोंडूक घालून एखादं गाणं ऐकायचे. एकच कान. दुसरा कामासाठी मोकळा. ऐकून झालं की तरतरीत होऊन कापायला लागायचे. दिवसभरात त्यांच्या तोंडावर थोडं तेज दिसायचं ते तेव्हाच. असं वर्षभर तरी चाललं असेल.

एके दिवशी त्यांचा नंबर होता, गाणं लागलंही होतं, आणि इस्त्रीवाला अडून बसला. नियम सगळ्यांना सारखा, म्हणाला, आज मास्तरांनी कारण सांगायचं, नाहीतर उद्यापासून मीही सांगणार नाही. मी त्याच्यावर खेकसणार एवढ्यात मास्तर स्वतःच बोलले.

"मुलगी ऐकतेय," ते म्हणाले. "आत्ता. हेच. आम्ही रोज बरोबर ऐकतो."

आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. मास्तरांना वाटलं असावं की आम्हाला पटलेलं नाही, म्हणून त्यांनी फोन पुढे केला आणि समजावून सांगायला लागले. इतकं सलग बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. खातं तिचं, त्यामुळे ती काय ऐकते ते यांच्या फोनवर दिसतं. सकाळी धडधडणारं लागलं की समजायचं, उठायला उशीर झालाय, धावतपळत निघालीय. शब्दच नाहीत असं लांबलचक काहीतरी लागलं की काम खूप आहे. मध्यंतरी एकच गाणं ती दिवसेंदिवस ऐकत होती, त्या पुटपुटणाऱ्या पोराचं. कुणीतरी तिचं मन मोडलं असणार, मास्तर म्हणाले, पण विचारणार कुणाला. एकदा काहीच लागलं नाही, बरेच दिवस, तेव्हा यांना घास उतरत नव्हता. मग एका सकाळी धडधड सुरू झाली आणि हे उभ्या उभ्या रडले. ताप असावा, म्हणाले, आता बरी आहे.

आणि चहानंतर ती ऐकत असते तेव्हा फोनवर तसं लिहून येतं. हे गाणं दुसऱ्या फोनवर चालू आहे, इथे ऐकायचं का? "मी हो म्हणतो," मास्तर म्हणाले. "मग दोघं ऐकतो."

कड्या लावणारीने पदर डोळ्याला लावला. इस्त्रीवाला जमिनीकडे बघत होता. सगळं इथेच राहिलं असतं तर बरं झालं असतं. पण ओव्हरलॉकवाली पोर, तिच्या मनात काही वाईट नाही, तिला फोनमधलं सगळं कळतं आणि कळलेलं पोटात राहत नाही.

"मास्तर, तसं नसतं ते," ती म्हणाली. "एका खात्यावर एका वेळेला एकच फोन वाजतो. तुम्ही इथे ऐकायचं म्हटलंत की तिकडचं बंद पडतं."

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. "म्हणजे तिचं गाणं थांबतं?"

"हो."

"दर वेळेला?"

एव्हाना त्या पोरीला कळलं होतं की आपण काय करून बसलो. ती नुसती मान हलवून हो म्हणाली. स्पीकरवरचं गाणं अजून चालूच होतं. मास्तरांनी घाईघाईने फोन घेतला आणि ते बंद केलं. मग फोन खिशात ठेवला आणि टेबलाकडे गेले. त्या दुपारी त्यांनी दवाखान्याच्या हिरव्या कापडाचा अख्खा ताका चुकीच्या मापाने कापला. काप सरळच होता, फक्त माप भलतंच. मालक बघून तसेच परत गेले.

त्या दिवसापासून मास्तरांनी ऐकणं सोडलं. आपला नंबर इस्त्रीवाल्याला देऊन टाकला. चहा झाला की ते खिडकीशी जायचे, चष्मा लावून फोन बघायचे. ती काय ऐकतेय त्याचं नाव वाचायचे आणि फोन परत खिशात. मी म्हटलं, अहो, ती झोपल्यावर ऐका, ती काही वाजवत नसताना ऐका, तेव्हा कुठे काय थांबतं. ते म्हणाले, वर्षभर तिच्या तोंडचा घास काढून घेतला मी, आता हात लावायला भीती वाटते. मुलीला काय वाटलं असेल, हे त्यांनी मला दोनदा विचारलं. बोलायचं सोडलं तरी बाप पिच्छा सोडत नाही, असंच वाटलं असेल ना? मी नाही म्हटलं. पण मला तरी काय ठाऊक होतं.

असे काही आठवडे गेले असतील. आणि एक दिवस चहा चालू असताना माझा फोन वाजला. माझ्या फोनचा कानाकडचा आवाज गेलेला आहे. ऐकायचं तर मोठ्याने लावूनच ऐकावं लागतं, त्यामुळे माझ्या घरातल्या सगळ्या भानगडी कारखान्याला पाठ आहेत. मी फोन घेतला आणि आवाज आला, "मावशी."

मी ओळखलं. बाकीच्यांनीही ओळखलं, कारण कपबश्यांचा आवाज थांबला. मास्तर तेव्हा मालकांच्या खोलीत माप लिहून घ्यायला गेले होते.

"मावशी, बाबा बरे आहेत ना?" तिचा श्वास लागला होता. मी म्हटलं, बरे आहेत, कामावर आहेत, काय झालं पोरी. मग तुटक तुटक सांगायला लागली. चहाच्या वेळेला मी मुद्दाम गाणं लावून बसते, मावशी. गेलं वर्षभर. ते मधेच थांबतं. थांबलं की मला कळतं, बाबा आहेत, कामावर गेलेत, चहा झालाय त्यांचा. आता किती दिवस झाले, ते थांबतच नाही. पहिल्यांदा वाटलं, रागावले असतील. मग वाटलं, आजारी पडले असतील आणि या वेळेलाही मला कुणी सांगितलं नसेल.

ओव्हरलॉकवाली हुंदका देऊन उठली आणि बाहेर गेली. माझ्या तर अंगात वारं शिरलं. मी तशीच ओरडले, "मास्तर, पोरीचा फोन."

ते आले. धावत नाही, ते धावत नाहीतच कधी, पण हातातला कागद वाटेतच पडला. मी फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी हात पुसायला सुरुवात केली, खडूचे होते म्हणून, आणि पुसतच राहिले. शेवटी मीच तो टेबलावर कापडाच्या थप्पीवर ठेवला. आम्ही सगळ्यांनी पाठी फिरवल्या, जणू त्यामुळे ऐकू येणार नव्हतं.

"बाबा."

"हं. बोल."

"गाणं का थांबवत नाही तुम्ही?"

मास्तर म्हणाले, तुझं बंद पडतं हे मला माहीत नव्हतं. हल्लीच कळलं. ती म्हणाली, मला माहीत होतं पहिल्यापासून. थांबू दे. तुम्ही थांबवत जा. मी मान वळवून पाहिलं. मास्तर टेबलाला दोन्ही हात टेकून फोनवर वाकले होते. इतके खूश की त्यांना हसावं की काय करावं समजत नव्हतं.

मग ती म्हणाली, "बाबा, एक विचारते. फक्त खरं सांगा. मी खूप विचार केलाय यावर. मला न कळवायचं, हे आईनेच सांगितलं होतं ना तुम्हाला?"

देवाशपथ सांगते, मला वाटलं, सुटलो. पोर शहाणी, तिचं तिलाच कळलं. आता फक्त हो म्हणायचं. 'हं' म्हटलं तरी चाललं असतं, आयुष्यभर तेच तर म्हणत आले. मी त्यांच्याकडे बघून जोरजोरात मान हलवायला लागले. कड्या लावणारीही हलवत होती. तिलाही मास्तरणीने शपथ घातलेली.

मास्तरांनी टेबलावरच्या कापडावरून तळहात फिरवला. सावकाश, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत.

"नाही," ते म्हणाले. "ती रोज म्हणायची, पोरीला बोलवा. शेवटच्या दिवशीही म्हणाली. मीच नाही बोलावलं. म्हटलं, पेपर होऊ देत."

मला वाटलं, फोन कट झाला. मग ती म्हणाली, "शेवटच्या दिवशी माझं नाव घेतलं तिने?"

"सारखं घेत होती."

"आणि तरी तुम्ही बोलावलं नाहीत."

"नाही."

"बरं," ती म्हणाली. तेवढंच. मग खरंच फोन कट झाला.

मास्तरांनी फोन उचलून माझ्या हातात दिला, खाली पडलेला मापाचा कागद उचलला आणि कापायला लागले. इस्त्रीवाला वाफेत तोंड घालून उभा होता.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला ते ओव्हरलॉकवालीपाशी गेले. हा फोन काहीतरी विचारतोय, म्हणाले. तिने बघितलं आणि मग माझ्याकडे बघितलं. फोन पासवर्ड मागत होता. मुलीने तो बदलला होता. त्या पोरीने हळूच सांगितलं, मास्तर, आता हे उघडणार नाही. त्यांनी विचारलं, नुसती नावंही दिसणार नाहीत का, गाण्यांची? ऐकायचं नाही, फक्त वाचायचं असेल तर? ती म्हणाली, नाही.

मग मात्र माझा बांध फुटला. मी त्यांना ओढतच ताक्यांच्या मांडणीमागे नेलं. शपथ गेली खड्ड्यात, मी म्हटलं, मी आत्ताच्या आत्ता तिला फोन करते. तुमची बायको कधीही पोरीला बोलवा म्हणाली नव्हती. ती हट्टाला पेटली होती आणि तुम्ही हात जोडून तिला विनवत होतात, हे मला तिने स्वतः सांगितलंय. स्वतःची पोर स्वतःच्या हाताने दुसऱ्यांदा घालवलीत. कशासाठी? मेलेल्या बाईचं तोंड उजळ ठेवायला? आणखीही बरंच बोलले. मास्तरांनी मला मधे एकदाही अडवलं नाही.

माझं संपल्यावर ते म्हणाले, "बाई, आईने शेवटी आपल्याला जवळ येऊ दिलं नाही, हे कळलं तर ती जाब कुणाला विचारेल? आई तर गेली. माझ्यावर चिडायचं तर चिडू दे. मी आहे तरी."

बाहेर मशीनं सुरू झाली होती. मी म्हटलं, "आणि तुम्ही नसाल तेव्हा? तेव्हा तरी सांगू ना तिला?"

त्यांनी खरोखरच विचार केला. गळ्यातला टेप काढून बोटाभोवती गुंडाळला, परत सोडला.

"तेव्हा तर मुळीच नको," ते म्हणाले. "माझी माफी मागत बसेल, आईला जाब विचारत बसेल, आणि ऐकायला दोघांपैकी कुणीच नसेल."